बाहेरचे आणि आतले

गावाच्या जुन्या वेशीचा दरवाजा बघायला येणाऱ्याला एका तिकिटात दोन माणसं मिळत. एक दरवाजाच्या बाहेर, एक आत. दोघांच्या खिशावर वाटाड्याचा सरकारी बिल्ला, दोघांच्या डोक्यावर एकाच दुकानातली टोपी आणि दोघांच्या तोंडावर एकाच बापाचं नाक. सख्खे भाऊ असल्याचा याहून मोठा पुरावा कुठल्या कचेरीत मिळाला नसता. तरी ते एकमेकांशी बोलत नसत. गाव त्यांना बाहेरचे आणि आतले म्हणे. त्यांची खरी नावं मतदारयादीत असतील, पण ती बघायला कुणी गेलं नव्हतं.

बाहेरचे थोरले, आतले धाकटे. ही वाटणी वडिलांनी केलेली. वडील स्वतः जन्मभर याच दरवाजाशी उभं राहून लोकांना इतिहास सांगत आले होते, आणि मुलांना काय द्यायचं असा प्रश्न पडला तेव्हा त्यांनी दरवाजाच दिला. "थोरल्याचा आवाज तोफेसारखा आहे, तो रस्त्यावर उभा राहू दे. धाकट्याचा कायम सर्दी झाल्यासारखा बारीक. त्याला कमानीखाली ठेवा, दगड त्याला मदत करतील."

दगडांनी खरंच मदत केली. आतल्यांचा बारीक आवाज कमानीला लागून असा घुमे की समोरच्याला वाटावं, इतिहासच कानाशी येऊन बोलतोय. बाहेरच्यांकडे दाराचे खिळे, भिंतीला पडलेले तोफगोळ्यांचे खळगे, आणि वरून शत्रूच्या डोक्यावर उकळतं तेल ओतायचं भोक. पाऊण तासात त्यांच्या हातून हजारभर माणसं सहज मरत. आतल्यांकडे पहारेकऱ्यांची खोली, दारामागे सरकवायचा लांबलचक अडसर, दिव्यांच्या काजळीने काळा पडलेला कोनाडा आणि फरशीवर खिळ्याने कोरलेला एक पट. पहारेकरी त्यावर दगडाच्या सोंगट्या खेळत. "बाहेर लोक लढले," आतले सांगत, "पण लढाई तीन दिवस चालली. त्याआधी दोनशे वर्षं इथे माणसं नुसती कंटाळली. त्यांचंही कुणीतरी सांगायला हवं की नाही?"

दोन भावांचा व्यवहार पाहुण्यांच्या मार्फत चाले. बाहेरचे आपलं सांगणं संपवून मोठ्या दारातल्या छोट्या दाराकडे बोट करत आणि म्हणत, "पुढचं आतले सांगतील." भाऊ हा शब्द नाही. मग कधी त्याला जोड येई, "आणि त्यांना म्हणावं, उद्या शाळेची सहल आहे, शंभर पोरं." पाहुणा बिचारा इतिहास ऐकायला आलेला, तो टपालवाला होऊन आत जाई. उलट टपालही तितकंच चोख. एकदा एका परदेशी जोडप्याने बाहेरच्यांची विसरलेली छत्री आतून बाहेर आणि चष्म्याची डबी बाहेरून आत पोचवली होती. त्यांना वाटलं, हा या दरवाजाचा जुना रिवाज आहे. त्यांनी फोटोही काढला.

लोक हसत. पण मुळात ते हसण्यासारखं नव्हतं.

वडिलांनी दरवाजाबरोबर मुलांना एक नियमही दिला होता. सांगणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही. "घराला आग लागली तरी चालेल, पण त्याचं सांगणं पुरं होऊ द्यायचं. एकदा तुटलेली गोष्ट ऐकणाऱ्याच्या डोक्यात कधी जुळत नाही." दोघा भावांनी हा नियम असा पाळला की एकदा बाहेरच्यांच्या टोपीवर कबुतर बसून सगळं उरकून गेलं, तरी आतल्यांनी तोंड उघडलं नाही. गोष्ट संपल्यावर रुमाल दिला.

एकोणीस वर्षांपूर्वी, एका दुपारी, शेजारीण धावत आतल्या बाजूला आली. आई महिनाभर अंथरुणाला खिळली होती. "दोघे लगेच चला. थोरल्याचं नाव घेतायत, डोळे उघडत नाहीत." आतले छोट्या दाराशी गेले. बाहेर साठ माणसं आणि त्यांच्या पुढ्यात दादा, हात वर करून, ऐन तेलाच्या भोकाशी. आतल्यांनी हात उचलला. खाली घेतला. एकट्यानेच घरी पळावं तर आई विचारणार, तो कुठाय? मग काय सांगायचं? तेल झालं, आता तोफगोळे, मग शरणागती, असं ते मनात मोजत उभे राहिले. शरणागती झाली, टाळ्या झाल्या, आणि मग त्यांनी दादाचा हात धरला. दोघे धापा टाकत घरी पोचले तेव्हा आईला जाऊन दहा मिनिटं झाली होती.

"तू दाराशीच उभा होतास?" दादाने विचारलं.

"हो."

"किती वेळ?"

आकड्यांच्या बाबतीत आतले कधी खोटं बोलत नसत. "पंचवीस मिनिटं."

"मला का नाही बोलावलंस?"

"तू सांगत होतास ना, दादा."

बाहेरच्यांनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं आणि तोंड मिटलं. ते पुढे एकोणीस वर्षं मिटलेलंच राहिलं. आतल्यांनीही पहिल्या वर्षी दोनदा जवळ जाऊन बघितलं. दादाने पाठ फिरवली. मग त्यांनाही वाटायला लागलं की आपण नियमच पाळला, आपलं काय चुकलं? आणि रात्री दिवा मालवला की वाटे, सगळंच चुकलं. या दोहोंच्या मध्ये त्यांचे केस पिकले. लग्न त्यांनी केलंच नव्हतं, त्यामुळे हे सांगायला घरातही कुणी नव्हतं.

आणि मग गेल्या वर्षी बाहेरून विहीर आली.

एक गृहस्थ आत शिरता शिरता म्हणाले, "ती विहीर कुठाय? बाहेरच्यांनी सांगितलं, आत विहीर आहे."

आत विहीर नव्हती. कधीच नव्हती. आतल्यांनी तीस वर्षं त्या फरशीचा दगड न् दगड पायाखाली घातला होता. पण दादाने सांगितलंय म्हटल्यावर त्यांची जीभ आपोआप वळली. "होती. बुजवली. त्या कोपऱ्यात होती बघा." गृहस्थांनी कोपऱ्याकडे अशा आदराने बघितलं की आतल्यांना क्षणभर पाण्याचा गारवा लागला.

पुढच्या आठवड्यात हत्तीण आली. मग एक आंधळा सरदार आला. मग तर असं व्हायला लागलं की पाहुण्यांची एक तुकडी पाऊण तासाऐवजी दहा मिनिटांत आत ढकलली जाई आणि दुसरी दीड तासाने येई, शत्रू दोनदा मरून झालेला. जे जे बाहेरून येई त्याला आतले आत जागा करून देत. हत्तीण पहारेकऱ्यांच्या खोलीशेजारी बांधली. आंधळ्या सरदाराला अडसराच्या टोकाशी बसवलं. तो म्हणे हाताने चाचपून दार लागलंय का ते बघे. पावसाळा येईपर्यंत त्या दरवाजात एवढी गर्दी झाली की खऱ्या पहारेकऱ्यांना उभं राहायला जागा उरली नाही. इतिहासाचे कुणी पंडित आले असते तर दोघांचे बिल्ले त्याच दिवशी उतरले असते. आतल्यांना त्याची भीती नव्हती. पाहुण्यांसमोर दादा खोटा पडू नये, एवढंच त्यांना हवं होतं. का पडू नये, याचा विचार मात्र ते डोळ्यांवर कातडं ओढून टाळत होते.

तो विचार वहिनी भाजीच्या पिशवीत घालून घेऊन आली. बाहेरच्यांची बायको. अबोल्याच्या सगळ्या वर्षांत ती दिराशी बोलायची थांबली नव्हती. उलट दोघा भावांच्या वाट्याचंही तीच बोले. दरवाजावरच्या गच्चीकडे जाणाऱ्या पायरीवर ती बसली आणि तिने आधी गुडघे दाबले.

"भाऊजी, तुमच्या या दरवाजात म्हणे हत्तीण राहते."

आतले खाली बघायला लागले.

"सांगा की. मी काय वैरण मागायला आले नाही."

"वहिनी, दादाचं काहीतरी..."

"डॉक्टरांकडे जाऊन आले मी. विसरायचा आजार आहे. वाढणारा. परवा चष्मा दुधाच्या पातेल्यात ठेवला. म्हटलं, बरं झालं, आता साय तरी नीट दिसेल." ती हसली आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. "जवळचं आधी जातं म्हणे, लांबचं मागून. म्हणजे काय ते तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

"कळत नाहीये. कळत असतं तर इथे बसून राहिला नसतात. जे काय बोलायचंय ते आत्ता बोलून घ्या. दोन महिन्यांनी ऐकायला माणूस असेल, पण तुम्हाला माफ करायला जो लागतो तो माणूस असेलच असं नाही."

"तो पहिलं बोलेल असं वाटलं होतं मला."

"दोघेही त्याच आशेवर बसलात आणि माझी जीभ झिजली," वहिनी म्हणाली, आणि पिशवी उचलून निघाली.

एवढं स्पष्ट सांगितल्यावर माणूस त्याच संध्याकाळी गेला असता. आतले गेले नाहीत. तीस वर्षं जगाला घडाघडा सांगणारा माणूस चार वाक्यांवर अडला होता. 'दादा, मी त्या दिवशी तुला तोडायला हवं होतं.' त्यांतलं मुख्य वाक्य एवढंच होतं. पहिल्या दिवशी फार उकडत होतं. दुसऱ्या दिवशी सहल होती. तिसऱ्या दिवशी दादाला खोकला होता, आजारी माणसाला काय त्रास द्यायचा? चौथ्या दिवशी दादा खुशीत दिसला, खुशीतल्या माणसाला तरी का द्यायचा? आतले रोज सकाळी आरशासमोर ती वाक्यं म्हणत आणि मधल्या वाक्यापर्यंत आले की नाक शिंकरत.

पाचव्या दिवशी दुपारी पाहुणे नव्हते. आतल्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि ते छोट्या दारातून वाकून बाहेर पडले. बाहेरचे भिंतीच्या सावलीत आपल्या दगडावर बसले होते. आतले समोर जाऊन उभे राहिले.

बाहेरच्यांनी वर बघितलं. त्यांचा चेहरा उजळला.

"ये रे! केव्हाचा बघतोय वाट. जेवलास का?"

आतले तिथेच, रस्त्याच्या कडेला, दादाच्या पायाशी बसले. एकोणीस वर्षांत न आलेलं रडू एकदम आलं. दादाने त्यांच्या टोपीवर टपली मारली. "वेडा की काय! रडायला काय झालं? कुणी बोललं का तुला? नाव सांग त्याचं, बघतोच."

"कुणी नाही दादा. कुणी नाही." आतले हसत होते आणि नाक पुसत होते. मनात म्हणत होते, एवढं सोपं होतं? एवढंच होतं तर कशाला घालवली आपण एवढी वर्षं?

"बरं ऐक," दादा म्हणाला. "आज शेवटची तुकडी तू सांभाळ. मी लवकर घरी जातो. सकाळी निघालो तेव्हा आईला बरं वाटत नव्हतं."

रस्त्यावरून एक सायकल गेली. आतल्यांचं हसू ओठांवरच राहिलं. दादाने त्यांना माफ केलंच नव्हतं. माफ करायचं असं काही घडलंय, हेच त्याच्या गावी नव्हतं.

इथे एखादा शहाणा माणूस गप्प बसला असता. पण आतल्यांनी ती चार वाक्यं पाच दिवस पोटात वागवली होती, आणि ऐकणारा आजच्याएवढा प्रेमळ पुन्हा भेटेल याची खात्री नव्हती. त्यांनी दादाचा हात धरला.

"दादा, आई गेली. एकोणीस वर्षं झाली. तू तेलाचं सांगत होतास, मी दाराशी उभा होतो. मी तुला तोडायला हवं होतं. चुकलं माझं."

बाहेरच्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच हललं नाही. मग हळूहळू सगळं हललं. त्यांना ती बातमी आत्ता, या क्षणी कळत होती. आई आत्ता गेली होती.

"कधी?"

"सांगितलं ना दादा, खूप..."

"आणि तू दाराशी उभा होतास?" आवाज पुन्हा तोफेसारखा झाला होता. समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला. "मला का नाही बोलावलंस?"

तेच शब्द. त्यांतला राग तोच, आणि दुःख तर नवंकोरं. बाहेरच्यांनी हात सोडवून घेतला आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले. संध्याकाळपर्यंत ते वळले नाहीत. आतल्यांना त्यातही एक विचित्र दिलासा वाटला. निदान हा आपला दादा होता, ओळखीचा, रागावलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरचे लांबूनच ओरडले, "काय रे, चहा झाला का?" कालचं काही उरलं नव्हतं. मागून वहिनी आली. तिचे डोळे सुजले होते.

"काल काय झालं इथे? घरी आल्यापासून रडत होते. मी म्हटलं, अहो काय होतंय? तर म्हणाले, माहीत नाही. कशासाठी रडतोय ते आठवत नव्हतं, भाऊजी, आणि रडू तर थांबत नव्हतं."

आतल्यांनी तिला सगळं सांगितलं. ती ओरडेल असं त्यांना वाटलं होतं. ती ओरडली नाही. "आता पुन्हा नका सांगू," एवढंच म्हणाली.

"नाही सांगणार."

"तुम्हाला माफी हवी होती, ते कळतं मला. पण दर वेळी त्यांना आई गमवावी लागणार, आणि तुमच्या हातात काय पडणार?"

त्याच महिन्यात तिने बाहेरच्यांचा बिल्ला कचेरीत नेऊन दिला. बाहेरच्यांना तो गेल्याचं कळलंही नाही. ते रोज येत, दगडावर बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे मालकासारखं बघत. दोन्ही बाजू आता आतलेच सांगत. बाहेर त्यांचा आवाज पोचत नसे, गाड्यांखाली चिरडून जाई. हत्तीण आणि विहीर त्यांनी काढली नाहीत. काढायला गेले तर जीभ अडे.

संध्याकाळी ते दादाला घरी सोडायला जात. चाळीस वर्षांपूर्वी दादा त्यांना शाळेत सोडायला नेई तसं, मनगट धरून. पिठाच्या गिरणीशी वळण आलं की दादा हटकून विचारे, "आई कशी आहे रे?"

"बरी आहे."

"जवळ कोण आहे तिच्या?"

"मी असतो ना."

"मग मला काळजी नाही," दादा म्हणे. "तू आहेस म्हटल्यावर मला काही बघायलाच नको."

पहिल्या दिवशी हे ऐकून आतल्यांना वाटलं, जमीन दुभंगावी. पण माणूस कशालाही सवयीने जवळ करतो. पुढे पुढे ते दिवसभर त्या वळणाची वाट बघायला लागले. आपण खोटं सांगतो, आणि त्या खोट्याच्या बदल्यात मिळतो तो विश्वास आपला नव्हे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी गिरणी जवळ आली की ते दादाच्या तोंडाकडे बघत. त्यांना जी माफी मिळायची नव्हती, तिच्या जागी दादा रोज त्यांच्या हातावर हे ठेवी, आणि ते मुकाट्याने घेत.

थंडी सुरू झाली तेव्हा एक दिवस वळण आलं आणि दादाने विचारलं नाही. आतल्यांनी चाल मंदावली. गिरणीचा पट्टा फटफटत होता, पीठ उडत होतं. दादा समोर बघत चालत राहिला. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ते त्या प्रश्नाची वाट बघत घराच्या दारापर्यंत गेले. वहिनीने दार उघडलं, दादाला खुर्चीत बसवलं, स्वेटरची बटणं लावली. आतले एरवी दारातूनच परत फिरत. त्या दिवशी ते आत आले आणि स्टूल ओढून दादाच्या समोर बसले.

"दादा," ते म्हणाले. "आई बरी आहे. मी असतो तिच्याजवळ."

बाहेरच्यांनी त्यांच्याकडे बघितलं. नजरेत राग नव्हता, ओळखही नव्हती. परक्याच्या घरची चांगली बातमी ऐकताना असतं तसं निर्मळ कौतुक होतं.

"वा," ते म्हणाले. "चांगलं करता तुम्ही. आईजवळ असावं माणसाने."

वहिनी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. आतल्यांनी मान हलवली आणि ते म्हणाले, "हो." मग वहिनीने चहाचं आधण ठेवलं, आणि कुणाला न विचारता तीन कप काढले.